कोळसा आमचा, रात्रपाळीही आमचीच

या आठवड्यात शेतीच्या विजेची पुन्हा रात्रीची लाईन. दहाला येणार, सकाळी सहाला जाणार. वावरात हरभरा घाटे भरायला आलाय, थंडीनं हात वळत नाहीत आणि माझे बाबा वयाच्या ६१ व्या वर्षी मफलर गुंडाळून, डोक्याला बॅटरी बांधून ओलिताला निघालेत. मी सोबत असतोच, पण ते काही घरी थांबत नाहीत.

दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप हलवावे लागतात. मोटर बंद करायची, क्लिपा सोडायच्या, आतलं गार पाणी अंगावर घेत एकेक पाईप खांद्यावर टाकून पुढच्या पट्ट्यात न्यायचा. चिखलात पाय पडला तिथं ढेकूळ आहे की साप, हे बॅटरीच्या उजेडात कळत नाही. मागच्या पंधरवड्यात नाल्याकाठी वाघाचे पंजे दिसले. वनखातं म्हणतं, रात्री शेतात जाऊ नका. वीज कंपनी म्हणते, पाणी रात्री द्या. शेतकऱ्यानं ऐकायचं कोणाचं?

आणि ती डीपी, म्हणजे आमच्या मोटरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर! ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीवर २१ मोटरा आहेत. लाईन आली की ऑटोवर (आपोआप सुरू होण्यावर) टाकलेल्या सगळ्या एकाच वेळी सुरू होतात आणि व्होल्टेज धाडकन खाली येतं. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, जळते. रिवाइंडिंगचे साडेचार हजार आपल्याच खिशातून जातात. मागच्या रब्बीत तर डीपीच जळाली. नियमाप्रमाणे खेड्यात ती ४८ तासांत बदलून मिळायला हवी. आम्हाला ११ दिवस लागले. तेही गावात वर्गणी केली, ट्रॅक्टर लावला, जळकी डीपी आम्हीच पोचवली आणि दुसरी आम्हीच आणली तेव्हा. तोवर हरभरा करपून गेला होता.

माझं वावर विदर्भातल्या वणीकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. बांधावरून रात्री खाणीचे दिवे दिसतात. कोळशाच्या ट्रकांची धूळ रस्त्याकडेच्या कापसावर बसते आणि बोंड काळपट दिसलं की व्यापारी भाव पाडतो. चंद्रपूरचं वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, तिरोड्याचं ३,३०० मेगावॅटचं. कोराडी, खापरखेडा, पारस, सगळी विदर्भातच. कोळसा आमच्या जमिनीखालचा, पाणी आमच्या नद्यांचं, राख आमच्या उरात. टॉवरच्या तारा आमच्या डोक्यावरून पुढं जातात. जाऊ द्या, तिकडचे कारखाने चाललेच पाहिजेत, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. पण मग आमचं वावर हा कारखाना नाही का? कोणत्या कारखान्याला कच्चा माल ऐन गरजेच्या वेळी ११ दिवस बंद ठेवतात?

चुलतभावानं हिंमत करून गावात छोटी डाळ मिल टाकली. दुपारी व्होल्टेज पडतं, मिलची मोटर नुसती घुरघुरते. जनरेटर लावला तर डिझेलमध्येच मजुरी संपते. शेवटी गावातली तूर पोत्यात भरून बाहेर जाते आणि तिचीच डाळ आम्ही किराणा दुकानातून जास्तीचे पैसे मोजून आणतो. मधला पैसा गावात राहिला असता, दोन-चार पोरं पुण्याला गेली नसती. विकासदराच्या बातम्या वाचतो तेव्हा ती बंद मिल डोळ्यासमोर येते.

१९८४ मध्ये सरकारच्या दांडेकर समितीनं राज्यातल्या मागे पडलेल्या भागांचा अनुशेष, म्हणजे विकासातली तूट मोजली, त्यात ग्रामीण विद्युतीकरणही होतं. चाळीस वर्षं उलटली. दिवसा वीज मिळेल म्हणून सौर कृषी वाहिनी योजनेचं, म्हणजे शेतीला सौर वीज देण्याचं २०१७ पासून ऐकतोय, आमच्या फीडरवर (गावाला येणाऱ्या वीजवाहिनीवर) अजून काही नाही. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीच्या मोटरांचं बिल माफ झालं. आधार झाला, नाकारत नाही. पण बिल माफ केलं म्हणून पिकाला पाणी मिळत नाही हो! आम्ही फुकट कधी मागितलं होतं? दिवसाची आठ तास लाईन मागितली होती, पुऱ्या व्होल्टेजची, तिन्ही फेजची. बिल भरायची तयारी तेव्हाही होती, आजही आहे.

पावणेदहा झाले. बाबा गमबूट घालून अंगणात उभे आहेत, हाका मारताहेत.