पाचशे रुपयांचा महिरपी कंस

"जुन्या सिस्टिमला नवीन ॲप जोडायचंय, छोटंसं काम आहे," असं मॅनेजर म्हणाला की ओळखावं, आपली दिवाळीची रजा गेली.

क्लायंट एक विमा कंपनी. हिशेब मेनफ्रेम नावाच्या जुन्या, अवाढव्य संगणकावर, कोबॉल या तितक्याच जुन्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेमध्ये. समोर कोरं करकरीत मोबाइल ॲप, त्याला जेसनशिवाय, म्हणजे डेटा कंसांत मांडायच्या आजच्या पद्धतीशिवाय, काही पचत नाही. मधला हमाल मी.

मेनफ्रेमची अक्षरं एब्सिडिक या अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीमधली, म्हणजे आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम/३६० च्या जमान्यातली. बाकी जगात 'ए' म्हणजे ६५, इथे १९३. 'आय' आणि 'जे' तर शेजारीसुद्धा नाहीत, मधे चक्क मोकळं मैदान. पण ते एक तक्ता लावला की भागतं. खरी मजा रकमेत.

कोबॉलवाल्यांनी जागेची काटकसर कुठवर करावी? दशांशचिन्ह साठवायचंच नाही, ते कुठे आहे हे कॉपीबुकात, म्हणजे डेटाच्या मांडणीच्या वहीत, बघायचं. अधिक-उण्यालाही वेगळं घर नाही, ते शेवटच्या आकड्याच्या पोटात. त्यात रक्कम जमेची आणि शेवटचा आकडा शून्य असेल, तर त्या शून्याचा होतो महिरपी कंस. पाचशे रुपये शून्य पैसे म्हणजे ५०००{. आता जेसनमध्ये हा कंस दिसला की नवीन संसार सुरू! कोणीतरी ती रक्कम अवतरणचिन्हांशिवाय तशीच पुढे ढकलली आणि ॲपचा पार्सर, म्हणजे जेसन वाचणारा भाग, पाचशे रुपयांतून आणखी काय बाहेर पडतंय, याची वाट बघत आडवा झाला. परताव्याची रक्कम असेल तर ५०००}. म्हणजे न उघडलेला कंस बंद.

"डेटा बरोबर आहे," कोबॉलवाले काका म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांना मिनतवारीने परत आणलंय. ते चष्मा पुसतात तेव्हा अख्खा फ्लोअर गप्प असतो.

"काका, डेटा करप्ट आहे," ॲपच्या टीममधली मुलगी म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. तक्रारीचं तिकीट अर्थातच माझ्या नावावर.

खरं सांगायचं तर मी मनातून काकांच्या पार्टीचा. त्या कंसांनी पै न पै चोख सांभाळलीय. ॲपला मात्र दम म्हणून नाही. रात्री हिशेबांची बॅच चालू असताना मेनफ्रेम उत्तर देत नाही, तर हे लहान पोरासारखं "आलं का? आलं का?" करत राहतं. शेवटी मधे एक रांग बसवली आणि त्याला सांगितलं, गप उभा राहा.

कंस सुटला, रांग लागली, सगळं हिरवं झालं. तेवढ्यात नवीन तिकीट. एका ग्राहकाने ॲपमध्ये स्वतःच्या नावापुढे गुलाबाचा इमोजी टाकलाय.

काकांनी चष्मा पुसायला घेतलाय.