थोर व्हायचंय? आधी एसटीत बसा

तुमच्या गावच्या नगरपालिकेचं कसलंसं वर्ष साजरं होणार असेल आणि 'आपल्या मातीतली थोर माणसं' असा फलक बसस्टँडसमोर लावायचं समितीत ठरलं असेल, तर आधी शेतात भरीत-पुरीचा कार्यक्रम ठेवा. पोट भरल्याशिवाय खान्देशात थोर माणसं आठवत नाहीत. समितीतले एखादे आप्पा कुरकुरतीलच, "काय भो, त्या रत्नागिरीवाल्यांचं बरं आहे. त्यांच्याकडे समुद्र आहे, थोर माणसं आहेत. आपल्याकडे काय? पंचेचाळीस डिग्री आणि केळीवर करपा." आप्पांना बोलू द्या. मग हात धुऊन रत्नागिरीची यादी नीट समजावून सांगा.

टिळक घ्या. २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्मले, घरही जपून ठेवलंय. पण वडिलांची बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ १८६६ मध्ये पुण्याला गेला. अग्रलेख पुण्यात, तुरुंग मंडालेत, अखेर मुंबईत. त्या दहा वर्षांच्या भांडवलावर गाव आजवर मिरवतंय. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे, अगदी समुद्राकाठचे. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा गावाने वाळीत टाकलं. आश्रम उभा राहिला तो पुण्याजवळ हिंगण्याला. १९५८ मध्ये भारतरत्न मिळाल्यावर ते कुठले, याबद्दल कुणाचाच वाद उरला नाही.

आणि नुसतं गावातून गेलेलेच मोजतात असंही नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी मंडालेहून उचलून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ मध्ये तो तिथेच वारला. मधल्या काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. सरकारने अदलाबदलच केली म्हणा ना. थिबाचा राजवाडा आज सहलीला येणाऱ्यांना दाखवतात. सावरकरांना १९२४ ते १९३७ जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायला बंदी होती, तेही यादीत. म्हणजे गाव सोडून गेलेला चालतो आणि गाव सोडता न आलेलाही चालतो. तिथेच सुखाने राहून जन्मभर मासळी विकली, असा माणूस मात्र फलकावर दिसायचा नाही.

हे एकदा आप्पांच्या डोक्यात शिरलं की पुढचं काम सोपं. धुळ्याला समुद्र नाही, पण जेल आहे. १९३२ मध्ये त्या जेलात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी शब्द न् शब्द उतरवून घेत. बोलणारा पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, लिहिणारा दापोलीकडच्या पालगडचा, जागा आपली. इतिहासाचार्य राजवाडे वरसईचे, म्हणजे तेही पेणचेच. दप्तरं शोधत हिंडता हिंडता धुळ्यात आले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच वारले; लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. पेणने गणपती मुंबईला पाठवले आणि माणसं धुळ्याला, असं फलकावर बिनधास्त लिहा. आपल्याकडे येऊन वारले म्हणजे आपलेच.

अमळनेरकरांनी तर लाजूच नये. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिक्षक होते. रत्नागिरीला टिळकांची दहा वर्षं पुरतात, तर अमळनेरला सहा का पुरू नयेत? विप्रोही विसरू नका. १९४५ मध्ये वनस्पती तूप काढायला अमळनेरलाच निघाली होती ती कंपनी; आता कारभार बंगळूरहून चालतो. (ज्यांच्या आजोबांनी तेव्हा शेअर घेतले आणि ट्रंकेत विसरले, त्यांची नावं वर्गणीच्या यादीत सगळ्यात वर घाला. ज्यांच्या आजोबांनी ते विकून बैल घेतले, त्यांच्यासमोर हा विषय काढू नका.)

अडचण येते ती गाव न सोडणाऱ्यांची. बहिणाबाई चौधरी यांनी फार गैरसोय केली आहे. असोद्याला जन्म, जळगावात सासर, मधलं अंतर बैलगाडीचं. ना पुणं, ना मुंबई, ना जेल. शाळेचं तोंड पाहिलं नाही; जात्यावर बसून आणि शेतात राबताना ओव्या म्हणायच्या आणि म्हणून झाल्या की दळण पुढे. अशा बाईला कोणती समिती फलकावर घेईल? तिथे मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ उपयोगी पडले, त्यांनी त्या ओव्या कागदावर उतरवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं, आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली तेव्हा शेजाऱ्यांना कळलं की ही बाई काहीतरी होती. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचं नाव आता हजारो पदवीपत्रांवर छापलं जातं. यातून तुम्ही घ्यायचा बोध असा, की गाव सोडणं जमतच नसेल तर घरात एक लिहिणारा मुलगा ठेवा. आणि जिवंतपणी कसलीही अपेक्षा धरू नका.

बालकवींची गोष्ट तशीच. जन्म धरणगावचा, १८९०. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली, १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. इतक्या लवकर जाणाऱ्याला फलकावर तरुण फोटो मिळतो, एवढाच फायदा.

आता एक नाजूक बाब. बैठकीत कुणीतरी पोरगं उठून विचारेल, "आप्पा, आपली माणसंही समुद्राकडे जातातच की." बरोबर आहे त्याचं. तापी जाते तिकडेच, ताप्ती लाइनच्या पॅसेंजरमध्ये दारात बसून, कापडाची पिशवी मांडीवर घेऊन, आपली माणसं सुरतेला जातात. उधना, लिंबायतच्या गल्ल्यांत अर्धा खान्देश भेटेल. मागावर बारा तासांची पाळी, दिवाळीला गावी, आखाजीला गावी, कानबाईला जमलं तर. गावातल्या कित्येक स्लॅबचं सिमेंट त्यांच्या पैशाचं असतं. त्या पोराला खाली बसवा. तो म्हणतो ती माणसं गाव सोडून जातात हे खरं, पण परत येतात. आणि परत येणाऱ्याला थोर म्हणायची पद्धत नाही. शिवाय इतके फोटो एका फलकावर मावणार कसे?

फलकाच्या मापाचं तेवढं पाहा. वीस बाय दहा घेतलात तर वरच्या पट्टीत थोर माणसं पासपोर्ट आकारात बसतील. बाकी जागा सौजन्याची, म्हणजे इच्छुक उमेदवारांची. हात जोडलेले, गॉगल लावलेले, एक जण मोबाइलवर बोलताना. त्यांतला कुणी थोर होण्यासाठी खरोखरच गाव सोडायला तयार झाला, तर तिकिटाचे पैसे समितीच्या खात्यातून ताबडतोब द्या. पावती नंतर फाडता येईल.