घणाचे पैसे देऊ नका

अमेरिकेतल्या शिकारी मंडळींत फिरणारा एक दावा आता मराठी ग्रुपांवरही आलाय: ४०० डॉलरची हाताने घडवलेली सुरी घ्या, कारण घणाखाली पोलाद घट्ट होतं, दमास्कसची (थरांच्या पोलादाची) नक्षी दुप्पट मजबूत असते, पातं जितकं कडक तितकं चांगलं, आणि कारखान्याची सुरी एका हरणात बोथट होते.

घणापासून सुरुवात करू. आजची पोलादी पट्टी गिरणीतून दाबूनच येते. घणाने तिला फक्त आकार मिळतो. शिकारी सुऱ्यांचा सगळ्यात नावाजलेला कारागीर बॉब लव्हलेस पट्टी घासूनच पाती काढायचा. खरा खेळ पाणी देण्याचा. १०९५ हे साधं, जास्त कार्बनचं पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून तेलात बुडवायचं, मग २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा शेकायचं. मग रॉकवेल, म्हणजे कडकपणा मोजायच्या मापावर, आकडा ५८ ते ६० येतो. रंगाच्या अंदाजाने जास्त तापलं की कण वाढतात, आणि तुटलेल्या जागी साखरेसारखा खरखरीतपणा दिसतो. डी२ या जास्त क्रोमियमच्या पोलादाला तर १०१० अंशांच्या आसपास अर्धा तास स्थिर उष्णता लागते. कोळशाच्या भट्टीत ती मिळाली तर नशीब! आपल्याकडचे लोहार कोयत्याला ट्रकचे जुने पाटे वापरतात, ते उगाच नाही. ते पोलाद एवढ्यातेवढ्या चुका पोटात घालतं.

दमास्कसची नक्षी म्हणजे बहुधा १०९५ आणि १५एन२० या दोन पोलादांचे थर. दुसऱ्यात निकेल असल्याने आम्लात ते चकचकीत राहतं, पहिलं काळवंडतं. देखणं, पण मजबुती वाढत नाही. स्वस्त दमास्कसात पोलाद कोणतं तेच सांगत नाहीत.

कडकपणा पारखायचा तर ६ मिलिमीटरची पितळी सळई आडवी धरून तिच्यावर धार तिरकी दाबा. धार वाकून परत सरळ झाली तर उत्तम. वाकलेलीच राहिली तर नरम, टवका उडाला तर फाजील कडक. असलं फाजील कडक पातं हाडाच्या सांध्यात पिळलं की टवके उडतातच.

आणि बोथट होण्याचं काय? धार मारतात ते केसांतले मातीचे कण. कातडं बाहेरून कापू नका; टोक आत घालून धार वर ठेवा आणि आतून बाहेर कापत न्या. मग मोरा ही वीस-पंचवीस डॉलरची स्वीडिश कारखान्याची सुरीसुद्धा अख्खं हरीण सोलते.

मग जास्तीचे पैसे कुठे वसूल होतात? धारेमागे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ केलेल्या पात्यात, आणि मुठीत. मूठ जिथे पात्याला भिडते तिथून नख फिरवा. अडकलं तर त्या फटीत रक्त जाणार, आणि आतून गंज. इतक्या पैशांत ती फट चालवून घेऊ नये. पोलाद कोणतं, रॉकवेल किती आणि भट्टी कोणती, हे कारागिराला विचारा. ‘आमची पारंपरिक पद्धत’ एवढंच उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा.

भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरकाम-शेतीसाठी नसलेली सुरी शस्त्र कायद्यात येते. नातेवाइकांकडून मागवण्याआधी पात्याचं माप बघा.