कोनमापक हवाच, पण नजरेनंतर

त्रिकोणाचे कोनांवरून पडणारे प्रकार कसे ओळखायचे, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया नीट वाचली. ‘त्रिकोणाचा कोन नजरेनं ओळखायला शिकवणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. कोल्हापुरात गणित असंच शिकवतात वाटतं,’ असं आपण लिहिलंय. मतभेद असू दे की, पण त्यात कोल्हापूर ओढायचं काय कारण? लेखाचं काय ते बोला, गावाची मापं काढू नका.

‘नजरेनं उत्तर लिहा’ असं मी कुठंही म्हटलेलं नाही. नजरेनं सगळ्यात लांब बाजू हेरायची, एवढंच म्हटलंय. तिच्या समोरचा कोन सगळ्यात मोठा. तिन्हींची बेरीज १८० अंश, तेव्हा उरलेले दोन लघुकोनच असणार, ते मोजत बसायचं कशाला? मोठ्या कोनावर वहीच्या पानाचा कोपरा ठेवायचा, एक कड एका बाजूला लावून. दुसरी बाजू दुसऱ्या कडेवर बरोबर आली तर काटकोन, कागदाखाली गेली तर लघुकोन, बाहेर उघडी राहिली तर विशालकोन. यात अंदाजपंचे काय आहे, सांगा ना.

माझे वडील उद्यमनगरात फिटर होते. जॉबला, म्हणजे घडवलेल्या भागाला, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की काम परत. पण कुठला कोपरा शंकेचा आहे, ते त्यांची नजरच आधी सांगायची. त्यांच्या हाताखाली मी शिकलो आणि आज मंगळवार पेठेत शिकवण्या घेतो. कोनमापकाचे आकडे उलट्या बाजूनं वाचून ६० च्या जागी १२० लिहिणारी मुलं मी रोज बघतो. समोर कोन अरुंद दिसतोय आणि वहीत १२० लिहिलंय, हे ज्याला खटकत नाही, त्याच्या हातात कोनमापक देऊन उपयोग काय? आपण कधी पाचवीच्या मुलांसमोर उभे राहिलाय का?

८, ९, १२ सेमीचा त्रिकोण नजरेला काटकोनच वाटतो, हे आपलं म्हणणं खरं. पण कोनमापकावरही आपण ९०च वाचाल. आठ आणि नऊचे वर्ग ६४ आणि ८१ मिळून १४५, बाराचा वर्ग १४४. लहान बाजूंच्या वर्गांची बेरीज मोठ्या बाजूच्या वर्गाहून जास्त. म्हणजे तो लघुकोन, तोही अर्ध्या अंशाहून कमी फरकानं. तिथं वर्गच करावे लागतात, आपला कोनमापकही चालत नाही.

आकृतीतली अक्षरं बारीक आहेत, मान्य. मोठी करतो. समद्विभुज, विषमभुज हे बाजूंवरून पडणारे प्रकार का घेतले नाहीत? शीर्षकात ‘कोनांवरून’ असं लिहिलंय, ते वाचलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं मुद्दा लिहिलात तर उत्तर देईन. टोमणा असेल तर प्रतिक्रिया काढून टाकेन.