गाईच्या चिकाने कानाच्या मेलेल्या नसा परत येत नाहीत

“पहिलटकर गाईच्या चिकात ग्रोथ फॅक्टर असतात, रोज दोन थेंब कानात घाला, चाळीस दिवसांत मेलेल्या नसा जिवंत होतील आणि ऐकण्याचे यंत्र लावावे लागणार नाही,” असा संदेश आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. माझ्या मोठ्या बाबांची उमेदीची सगळी वर्षे कापसाच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या गोंगाटात गेली आणि ऐकणेही तिथेच गेले. गोठ्यातली गाय व्याली तसा घरच्यांनी त्यांच्या कानात चीक घातला. पुढे कान ठणकू लागला आणि त्यातून घाण वासाचे पाणी वाहू लागले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

चिकात आयजीएफ-१ सारखे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला व जगायला मदत करणारी प्रथिने असतात, एवढे मान्य करावे लागते. कानाच्या चेतापेशी (ज्यांना आपण नसा म्हणतो) अशा घटकांवर जगतात, हेही खरे आहे. अंतर्कर्णातल्या रोमपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि त्यांच्या आधारपेशी बीडीएनएफ व एनटी-३ ही अशीच प्रथिने जागेवरच तयार करतात, आणि ती चेतापेशीवरील ग्राहकांना (संकेत झेलणाऱ्या रेणूंना) जुळली की पेशीला जगत राहण्याचा संकेत मिळतो. ही दोन्ही प्रथिने ज्यांच्या शरीरात तयारच होत नव्हती, अशा उंदरांच्या पिलांत कानाच्या जवळजवळ सर्व चेतापेशी नष्ट झाल्याचे १९९० च्या दशकातच दिसून आले. मात्र असे घटक जिवंत पेशीला टिकवतात, मेलेलीला उठवत नाहीत. माणसाच्या एका कानात जन्मतः सुमारे १५,००० रोमपेशी असतात. यंत्रांच्या गोंगाटाने त्या गेल्या की पुन्हा येत नाहीत.

सर्वांत निराधार आणि घातक भाग थेंबांचा आहे. बाहेरून घातलेला थेंब कानाच्या पडद्याशी अडतो. अंतर्कर्ण त्याच्याही पलीकडे, मध्यकर्ण ओलांडून, हाडाच्या आत असतो. जपानमधील क्योटोच्या संशोधकांनी स्टेरॉइडने गुण न आलेल्या अचानक बहिरेपणाच्या १२० रुग्णांवर शुद्ध आयजीएफ-१ वापरून पाहिले, तेव्हा ते जेलमध्ये भरून पडद्याआड, अंतर्कर्णाच्या गोल खिडकीजवळ (पातळ पडदा असलेल्या छिद्राजवळ) ठेवावे लागले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीच्या मुख्य निकषावर पडद्याआड दिलेल्या स्टेरॉइडच्या तुलनेत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. शुद्ध औषध थेट दाराशी नेऊन ही स्थिती असेल, तर गोठ्यातल्या वाटीतला चीक काय साधणार? पडद्याला छिद्र असेल तर मात्र तो आत शिरतो, आणि सोबत जंतू नेतो.

चिकाची पावडर खाण्याचा सल्लाही त्याच संदेशात आहे. पण खाल्लेले प्रथिन पोटात डाळीच्या प्रथिनासारखेच पचते. ऐकण्याच्या यंत्राने नसा आळशी होतात, असेही म्हटले जाते; त्याला कसलाही आधार नाही.

एखाद्याचा कान एका रात्रीत बंद झाला असेल, तर स्टेरॉइडचा उपयोग मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत होतो. त्या माणसाला चाळीस दिवस चीक घालत बसवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या.