मुंबई दगडावर आहे म्हणे, पण आपली बिल्डिंग कशावर आहे?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. मुंबई अख्खी काळ्या दगडावर बसलीये, भूकंप लांब झाला तर इथे काही होत नाही आणि हल्ली पाइल, म्हणजे बिल्डिंगखाली जमिनीत खोल घातलेले खांब, खडकापर्यंत जातात म्हणून टेन्शन नको. रिडेव्हलपमेंटचं बोलणं चालू आहे आणि लोक हे खरं धरून चाललेत, म्हणून लिहितेय.

अख्खी दगडावर हे चूक. तो काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, आहेच, मलबार हिलला तर तो वरच दिसतो, पण बाकी सात बेटांमधल्या खाड्या बुजवून शहर उभं राहिलंय, पायधुणी, उमरखाडी ही नावंच सांगतात ना तिथे पाणी होतं ते. नरिमन पॉइंट समुद्रातला भराव, बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) मिठी नदीकाठची दलदल. अशा जागी खडकाच्या आधी भराव आणि खाडीचा मऊ चिखल लागतो. आणि दगड म्हणजे भूकंप नाही असंही नाही, कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ दोन्ही याच बेसाल्टवर झालेत.

लांबच्या भूकंपाचं म्हणाल तर १९८५ चं मेक्सिको सिटी बघा. केंद्र साडेतीनशे किमीच्या आसपास लांब, तरी शहरात हजारो माणसं गेली, कारण ते जुन्या तळ्याच्या चिखलावर आहे. लाट कडक खडकातून मऊ थरात शिरली की तिचा वेग कमी होतो आणि हेलकावा वाढतो, तिथल्या चिखलावर धक्का खडकापेक्षा चार-पाच पट मोजला गेला. वर त्या थराची स्वतःची लय, साधारण दोन सेकंदांचा एक हेलकावा, आणि ६ ते १५ मजली बिल्डिंगा त्या लयीत सापडल्या, बुटकी घरं मात्र बरीच वाचली. आपल्याकडे २००१ ला भुजच्या भूकंपात दोनशे किमीहून लांब अहमदाबादेत बिल्डिंगा कोसळल्या. तिथे नदीचा गाळ होता, आणि खाली नुसत्या खांबांवरचं पार्किंग हेही मोठं कारण होतं, ते मुंबईत गल्लोगल्ली आहे.

पाइल वजन खडकावर नेते, मधल्या चिखलाचं हलणं थांबवत नाही, उलट तो हलला की पाइलला आडवा वाकवतो. पाण्याने भिजलेली सैल रेती असेल तर ती हादऱ्याने पातळ होते आणि पाइलचा आजूबाजूचा आधारच जातो. आयएस १८९३ मध्ये, म्हणजे भूकंपाचा विचार करून बांधायच्या भारतीय कोडमध्ये, कडक, मध्यम, मऊ माती वेगळी धरतात ती उगाच नाही. माझ्या मते कुठे किती एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम, द्यायचा हे ठरवतानाही खालची जमीन बघायला हवी.

रविवारच्या मीटिंगला कन्सल्टंटकडे बोअरचा रिपोर्ट मागा, म्हणजे जमिनीत भोक पाडून खाली कुठला थर किती खोल आहे ते बघितल्याचा, प्रत्येक विंगखालचा वेगळा, कारण एकाच प्लॉटमध्येही खडक कमीजास्त खोल लागतो.