काजळ काही केल्या जाईना

जळगावच्या सराफ बाजारात एका दुकानात मी काउंटरला उभी असते. तोंडी हिशेब यायला हवा, गिऱ्हाइकाने चाळिसावा हार मागितला तरी हसू उतरायला नको आणि चेहऱ्यावर मेकअप हवा, एवढ्याच काय त्या अटी. पिवळ्याधमक राणीहारामागे सुकलेलं तोंड शोभत नाही, असं मालकीणबाईंचं म्हणणं. बरोबरच आहे. पण मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला असताना स्कुटीवरून दुकानात पोचेस्तोवर फाउंडेशन गळ्यापर्यंत येतं. म्हणून मी सगळं वॉटरप्रूफ घेतलं. वॉटरप्रूफ म्हणजे पाण्याने न जाणारं. शब्दाचा अर्थ मला आधीपासून ठाऊक होता, पण तो माझ्याच तोंडाला लागू होतो हे पहिल्या रात्री कळलं.

त्या रात्री अंगाचा साबण लावला. आमच्या बोरचं पाणी असं जड, की तुरीची डाळ त्यात दोन तास नुसती पोहते. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला फेस म्हणून धरूच देत नाही, पांढरा साका तेवढा बादलीच्या काठाला बसतो. त्यात कातडीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 5 च्या आसपास आणि साबणाचा 9-10. तीनदा तोंड धुतल्यावर गाल उन्हात घातलेल्या उडदाच्या पापडासारखे ताणले. मस्कारा मात्र पापणीवरून फक्त खाली उतरून डोळ्यांभोवती गोल बसला. मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या नवऱ्याने दिवा लावला आणि 'अरे देवा' म्हणून परत बंद केला.

सकाळी सासूबाईंनी उशीचा अभ्रा दोरीवर टाकायला उचलला. त्यावर दोन काळे डोळे आणि एक तांबडं तोंड व्यवस्थित उमटलं होतं. त्यांनी तो उजेडाकडे धरला, आडवा-उभा फिरवला आणि अहिराणीत विचारलं, "हाई कोन शे व?"

मग मी वाइप्सचं पाकीट आणलं. ओले रुमालच ते. प्रवासात ठीक आहेत, पण रोजच्यासाठी माझं मत वाईट आहे. गालावरचा रंग ते काढत नाहीत, कानाकडे सरकवतात. डोळ्यांवर घासावं लागतं, आणि घासलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी रडलीस का म्हणून विचारतं. झाकण एक दुपार उघडं राहिलं आणि जळगावच्या उन्हाने उरलेल्यांचे कागद केले. नवऱ्याने त्यांनी बुलेटची टाकी पुसली. टाकी झाली चकाचक. एक वाइप सासूबाईंनी खत होईल म्हणून तुळशीच्या कुंडीत पुरला होता, तो गणपतीत माती बदलताना जसाच्या तसा निघाला. त्यात पॉलिस्टरचे धागे होते, तो कुजणार कसा? "टिकाऊ शे," एवढंच त्या म्हणाल्या.

दुकानातल्या मैत्रिणीने मायसेलर वॉटर सुचवलं. बाटलीत बघावं तर निव्वळ पाणी. सासूबाईंनी वास घेतला, किंमत विचारली, मी 250 सांगितल्यावर डोक्यावरचा पदर सावरला. "पानीच शे ना? आपला बोरनं काय वाईट शे?" मी त्यांना समजावलं. त्या पाण्यात मायसेल नावाचे बारीक गोळे असतात. त्यांच्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं, दुसरं तेलाकडे. चेहऱ्यावरचं तेल-रंग ते पोटात घेतात आणि पाण्याबरोबर कापसावर येतात. लग्नात दोन्ही घरचं खाऊन दोन्हीकडे गोड बोलणारा मध्यस्थ असतो ना, तसंच. हे त्यांना लगेच कळलं, कारण आमचं लग्न जमवणारा असाच होता.

फाउंडेशन, पावडर, लिपस्टिक याने छान निघतं. डोळ्यांवर कापूस ठेवून सावकाश तीसपर्यंत आकडे मोजायचे, घासायचं नाही. बाटलीवर धुवायची गरज नाही असं लिहिलं तरी मी धुते, कारण ते मध्यस्थ चेहऱ्यावर मुक्कामी राहिले की माझी कातडी चुरचुरते. पण वॉटरप्रूफ मस्काऱ्याला चार-चार कापसाच्या चकत्या लागतात. आणि इथे घरात पेटलं. माहेरी आणि सासरी दोन्हीकडे कापसाची शेती. व्यापारी गाडी भरून कापूस नेणार आणि सून गोल कापलेला कापूस पाकिटातून विकत आणणार! सासूबाईंनी तो अन्याय आपल्या पद्धतीने दूर केला. एका रात्री डबी उघडली तर रिकामी, आणि देवघरात तुपात भिजलेल्या फुलवातींची चळत.

त्याच रात्री तेल आलं. "केळीना चीक कसावरी निंघस?" त्यांनी विचारलं. त्या रावेरकडच्या, केळीत वाढलेल्या. कच्ची केळी चिरायची तर आधी हाताला तेल लावायचं आणि चिकटलेला चीकही तेलानेच काढायचा, हे त्यांना लहानपणापासून पाठ. मस्काऱ्यात मेण असतं, मेण पाण्याला दाद देत नाही, तेलात विरघळतं. त्यांनी किटलीतून शेंगदाण्याचं तेल तळहातावर ओतलं, माझे डोळे मिटवले आणि दोन बोटांनी चोळलं. अर्ध्या मिनिटात आठ महिन्यांचा हट्टी मस्कारा काळं पाणी होऊन गालावर आला. मी थक्क झाले. दारातून नवरा म्हणाला, "आज भजी का?"

तेलाचं दुखणं पुढे आहे. ते रंग काढतं, पण स्वतः जात नाही. बेसन लावून धुतलं तर भज्यांचा संशय आणखी बळावतो. खोबरेल लावून बघितलं, आठवड्यात कपाळावर पुरळ आलं. शिवाय खोबरेल 24 अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात रात्री दहाला, पांडासारख्या तोंडाने, गॅसवर बाटली शेकत उभी असलेली सून कोणाच्याही सासूने बघू नये.

मधल्या काळात मेकअप काढायची दोन थरांची बाटली आणली. खाली पाणी, वर तेल, वापरण्याआधी हलवायची. शेवभाजीच्या तर्रीचं तत्त्व हेच, वाटी ढवळल्याशिवाय चव येत नाही. डोळ्यांसाठी याच्यासारखं दुसरं नाही. फक्त झोपेत न हलवता ओतली, तर नुसता वरचा तवंग येतो आणि रात्रभर उशी चिकट.

शेवटी पगारवाढ झाली तेव्हा क्लीन्झिंग बाम घेतला. घट्ट लोण्यासारखा असतो, कोरड्या चेहऱ्यावर चोळला की तेल होतो, आणि पाणी लागलं की दुधासारखा पांढरा होऊन निघून जातो. त्यात तेल आणि पाण्याला एकत्र धरणारं इमल्सिफायर असतं, शेंगदाण्याच्या तेलात नेमकं तेच नसतं. मला हाच आवडला. मे महिन्यात कपाटात त्याचं सरबत झालं होतं, तरी चाललं. डबी 15 दिवसांत तळाला गेली तेव्हा मी नवऱ्यावर संशय घेतला, उगाचच. सासूबाईंच्या टाचांच्या भेगा भरून आल्या होत्या.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसली. घरभर भाऊबंद, रोटाचा वास, रात्रभर गाणी. सोमवारी विसर्जनाला निघताना सासूबाई माझ्या आरशापाशी घुटमळल्या आणि हळूच म्हणाल्या, "माले बी लाव थोडी." मी लिपस्टिक लावली, काजळाची रेघ ओढली. मिरवणुकीत पाऊस आला. नाचता नाचता माझं फाउंडेशन वाहून गेलं, त्यांची लिपस्टिक ढळली नाही.

रात्री मी बाम, दोन थरांची बाटली आणि देवघरातून परत मागून आणलेला कापूस घेऊन त्यांच्या खाटेशी बसले. त्यांनी हाताने मला थांबवलं, उशाखालचा छोटा आरसा काढला, ओठ एकदा इकडून, एकदा तिकडून बघितले.

"ऱ्हाऊ दे व," त्या म्हणाल्या. "सकायले देखसू."

आणि अभ्रा बदलून, जुना घालून झोपल्या.